रेसिंग रिग घरी बांधताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ॲल्युमिनियमच्या खाचांच्या प्रोफाइलमधून सिम रेसिंगची (संगणकावरच्या मोटार शर्यतीची) रिग, म्हणजे सीट, व्हील आणि पेडल धरणारा सांगाडा, घरीच जोडू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी घेतली आहेत. बहुतेकांनी विचारले आहे ते एकच : प्रोफाइल किती जाड घ्यावे? त्याचे उत्तर आधी देतो. पण रिग हलते ती प्रोफाइलमुळे क्वचितच, बहुतेक वेळा सांध्यांमुळे आणि पातळ पत्र्यांमुळे. म्हणून पुढची उत्तरेही जरूर वाचा.

प्रश्न : माझ्याकडे ८ न्यूटन-मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलबेस (व्हील थेट फिरवणारी मोटर) आणि १०० किलोपर्यंत जोर घेणारी लोड सेलची (जोर मोजणाऱ्या संवेदकाची) पेडल आहेत. ४०×४० मि.मी.चे प्रोफाइल पुरेल की ४०×८० घ्यावे? काही जण ४०×१६० सुद्धा वापरताना दिसतात.

उत्तर : आधी दोन्ही जोर एका मापात आणून पाहा. ३० सें.मी. व्यासाच्या व्हीलवर ८ न्यूटन-मीटर म्हणजे दोन्ही हातांना मिळून साधारण साडेपाच किलो. ब्रेकवर मात्र तुम्ही १०० किलो टाकणार आहात. तेव्हा खालचा सांगाडा बांधायचा तो ब्रेकसाठी. व्हीलचा त्रास निराळा असतो. त्याचा जोर कमी, पण ते सतत उलटसुलट झटके देत राहते आणि सांधे हळूहळू ढिले करते.

आता प्रोफाइलकडे वळू. ४०×४० चा ५० सें.मी. लांबीचा तुकडा दोन्ही टोकांना टेकवून बरोबर मध्ये १०० किलो टाकले, तर तो जेमतेम अर्धा मिलिमीटर वाकतो. ब्रेक दाबल्यावर पेडल पाच-सहा मिलिमीटर पुढे जाताना दिसत असेल, तर तो दोष प्रोफाइलच्या वाकण्याचा नाही. असे असूनही आम्ही ४०×८० च सुचवू. ८० ची बाजू उभी ठेवली की ते ४०×४० पेक्षा सुमारे सात पट ताठ होते (आडवे टाकले तर फक्त दुप्पट, हे विसरू नका). त्याहून मोठे कारण म्हणजे ८० च्या बाजूला दोन खाचा मिळतात. सांध्याच्या प्रत्येक अंगाला दोनाऐवजी चार बोल्ट बसतात, ते एकमेकांपासून ४० मि.मी. अंतरावर राहतात आणि सांधा फिरायला जागाच उरत नाही.

एक मर्यादा मात्र जाड प्रोफाइललाही आहे. खाचांमुळे आतली बंद पोकळी लहान राहते, म्हणून ही प्रोफाइल वाकायला ताठ असली तरी पिळायला तितकी ताठ नसतात. पेडल किंवा सीट एकाच आडव्या तुकड्यावर कधीही बसवू नका. दोन तुकडे, मध्ये २० ते ३० सें.मी. अंतर, म्हणजे पिळाचे रूपांतर वर-खाली ओढीत होते आणि ती ओढ प्रोफाइल सहज पेलते.

तुमच्या साहित्याला सगळीकडे ४०×८० भरपूर झाले. व्हीलबेस १५ न्यूटन-मीटरच्या पुढचा असेल तर फक्त उभे खांब ४०×१२० चे घ्या. ४०×१६० ने काही बिघडत नाही, पण तेवढा खर्च आधी पेडलच्या प्लेटवर करावा. आणि ‘जास्त ताकदीचा मिश्रधातू’ घेऊन रिग ताठ होईल या भ्रमात राहू नका. ६०६३ असो वा ६०६१ (हे ॲल्युमिनियमचे दोन मिश्रधातू), ॲल्युमिनियमचा ताठपणा सुमारे ७० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच राहतो. मिश्रधातूने ताकद वाढते, लवचीकपणा कमी होत नाही.

प्रश्न : कापून आणायच्या तुकड्यांची तयार यादी द्याल का? उंची १७५ सें.मी. आहे.

उत्तर : यादी देतो, पण ती कापायला देण्याआधी एक संध्याकाळ मापांसाठी ठेवा. सीट जमिनीवर पुस्तके किंवा विटा लावून हव्या त्या उंचीवर आणि कलावर ठेवा. पेडल भिंतीला टेकवा, व्हील खोक्यावर मांडा. खांदे पाठीला टेकलेले असताना हात सरळ केला की मनगट व्हीलच्या वरच्या कडेवर यावे. ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गुडघा थोडा वाकलेलाच असावा. गुडघा पार सरळ झाला तर जोर मांडीतून न येता घोट्यातून येतो आणि अर्ध्या तासात पिंढरी भरून येते. असे वीस मिनिटे बसा. मग दुसऱ्या कोणाला तरी मापे घ्यायला सांगा. स्वतः वाकून घेतलेले माप चुकते.

कारसारख्या बैठकीसाठी साधारण रचना अशी : ४०×८० चे बेस रेल १३५० मि.मी.चे दोन, ८० ची बाजू उभी. त्यांच्यामध्ये ५०० मि.मी.चे आडवे तुकडे पाच : पेडलखाली दोन, सीटखाली दोन, मागच्या टोकाला एक. उभे खांब ६०० मि.मी.चे दोन, रेलच्या डोक्यावर उभे. खांबांच्या मध्ये व्हीलसाठी आणखी एक ५०० चा तुकडा, हा मात्र ८० ची बाजू आडवी ठेवून, म्हणजे त्याच्या दोन खाचा खांबाच्या दोन खाचांसमोर येतात. एकूण ४०×८० भरले ६.९ मीटर. गिअर शिफ्टरसाठी ४०×४० चे ४०० मि.मी.चे दोन तुकडे वेगळे. एका लांब दांड्यातून तुकडे काढणार असाल तर प्रत्येक कापाला पात्याची जाडी सुमारे ३ मि.मी. धरा.

५०० हा आकडा तुमच्या सीटवर अवलंबून आहे. बाजूचे ब्रॅकेट लावल्यावर सीटची बाहेरून बाहेर रुंदी मोजा आणि दोन्हीकडे किमान १० मि.मी. मोकळे ठेवा. कित्येक बकेट सीट ५०० मध्ये बसत नाहीत.

सांध्यांसाठी ८० च्या मापाचे, चार बोल्टांचे काटकोनी ब्रॅकेट २२ लागतील : पेडलच्या, सीटच्या आणि व्हीलच्या तुकड्यांना प्रत्येक टोकाला दोन्ही अंगांनी, मागच्या तुकड्याला एकाच अंगाने. हे झाले ८८ बोल्ट. खांबांना बाहेरून टी-आकाराची, किमान ५ मि.मी. जाड आणि सहा बोल्टांची प्लेट एकेक, शिवाय पुढे-मागे एकेक लहान ब्रॅकेट. त्याचे आणखी २०. सीट, पेडल आणि व्हीलचे धरून एम८ चे (८ मि.मी. जाडीचे) बोल्ट, वॉशर आणि टी-नट (खाचेत अडकणारे नट) १४० मागवा.

जोडताना सगळे सांधे आधी हातानेच लावा. रेलची बाहेरची रुंदी ५८० येते, म्हणून चौकटीचे दोन्ही कर्ण १४६९ मि.मी.च्या आसपास आणि मुख्य म्हणजे एकमेकांइतके यायला हवेत. कर्ण जुळले की गुण्या लावून एकेक सांधा तपासा आणि मगच समोरासमोरचे कोपरे थोडे थोडे आवळत जा. एक कोपरा पूर्ण आवळून पुढे गेलात तर चौकट पिळलेली राहते आणि रिग तीन पायांवर उभी राहते.

प्रश्न : जुन्या कामातले ८ मि.मी. खाचेचे थोडे प्रोफाइल पडून आहे. नवे १० मि.मी. खाचेचे घेतले तर चालेल का?

उत्तर : चालवू नका. बाहेरून दोन्ही ४० चेच दिसतात, पण टी-नट एकमेकांत बसत नाहीत. बसल्यासारखे वाटले तरी लहान नट मोठ्या खाचेत फक्त कडेवर टेकतो आणि जोर आला की फिरतो. एकाच रिगमध्ये एकच खाच ठेवा. जुने तुकडे कीबोर्डच्या ट्रेला वापरा.

प्रश्न : सगळे बोल्ट पूर्ण ताकदीने आवळले आहेत. तरी ब्रेक दाबला की रिग करकरते आणि दोन आठवड्यांत बोल्ट ढिले होतात. थ्रेडलॉक (आटे चिकटवणारा द्रव) लावून पाहिले, फरक नाही.

उत्तर : हातात घट्ट लागणारा बोल्ट पकडतोच असे नाही. ४० च्या, ८ मि.मी. रुंदीच्या खाचेची खोली सुमारे १२ मि.मी. असते. ३ मि.मी.ची प्लेट आणि एम८×१६ चा बोल्ट वॉशरशिवाय लावला, तर प्लेट आणि खाच मिळून १५ मि.मी. होतात. बोल्ट तळाला टेकतो, पाना अडतो, तुम्हाला वाटते घट्ट झाला. प्लेट मात्र मोकळीच राहते. ब्रॅकेट ६ मि.मी. जाड असेल तर १६ चा बोल्ट योग्य, २० चा तळाला लागतो. वॉशर लावून हिशेब पुन्हा करा. शंका असेल तर बोल्ट काढून टोक पाहा. तळाला घासलेला बोल्ट टोकाला चकाकतो आणि खाचेच्या तळाला गोल ठसा दिसतो. थ्रेडलॉकने फरक पडला नाही याचेही कारण हेच असावे.

दुसरा संशयित म्हणजे हातोडीच्या डोक्यासारखा, खाचेत टाकून फिरवायचा नट. तो पूर्ण ९० अंश फिरायला हवा. अर्धवट फिरला तर दोन टोकांवरच लटकतो आणि झटक्यांनी परत सरळ होतो.   जोर येणाऱ्या सांध्यांत मात्र असे नट नकोतच. तिथे टोकाकडून सरकवायचे किंवा स्प्रिंगची गोळी असलेले, आत वळवून बसवायचे जाड नट वापरा. सरकवायचे नट जोडणीच्या आधीच मोजून आत टाकावे लागतात. प्रत्येक खाचेत दोन जास्तीचे टाकून ठेवा, पुढे काही लावायचे सुचले की सांगाडा उलगडावा लागत नाही.

तिसरे, ओतीव ब्रॅकेटच्या आतल्या अंगाला खाचेत बसण्यासाठी छोटे उंचवटे असतात. ते खाचेला आडवे आले तर ब्रॅकेट उंचवट्यांवर डुलतो. फिरवून लावा किंवा कानशीने उंचवटे काढून टाका.

पातळ भिंतीच्या प्रोफाइलला एम८ चा बोल्ट १५ ते २० न्यूटन-मीटरने आवळला की पुरे. त्याहून जास्त जोर लावला की खाचेचे ओठ बाहेर उचलले जातात आणि मग तिथे कोणताच नट नीट पकडत नाही. पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा. त्यानंतर बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे कोणता सांधा सरकतो ते नजरेने कळेल.

प्रश्न : जोरात ब्रेक दाबला की पेडलची प्लेट टाचेच्या बाजूने वर उचलली जाते. पेडल घसरत नाहीत, फक्त उचलतात.

उत्तर : ही तरफ आहे. १०० किलो म्हणजे सुमारे १००० न्यूटन. पाय पेडलला प्लेटपासून साधारण २० सें.मी. उंचीवर लागतो, म्हणजे २०० न्यूटन-मीटरचा कल. प्लेटचे पुढचे आणि मागचे बोल्ट २० सें.मी. अंतरावर असतील तर टाचेकडच्या बोल्टांवर पुन्हा १००० न्यूटनची वर ओढ येते. अख्ख्या ब्रेकइतकाच जोर, फक्त वरच्या दिशेने. बोल्टांमधले अंतर ३० सें.मी. केले की तो एक तृतीयांशाने उतरतो. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

त्यानंतर प्लेट पाहा. तुमची बहुधा ३ मि.मी.ची असेल. एवढी प्लेट दोन आडव्या तुकड्यांच्या मध्ये पेडलसकट फिरते आणि पायाला ते चार-पाच मिलिमीटर जाणवतात. पत्र्याची जाडी दुप्पट केली की तो आठपट ताठ होतो, म्हणून ६ मि.मी.ची पोलादी प्लेट लावली तर प्रश्न जवळजवळ संपतो. किंवा प्लेट पूर्ण काढा आणि ४०×८० चे ४०० मि.मी.चे तुकडे लांबीच्या दिशेने, प्रत्येक पेडलखाली एक असे, आडव्या तुकड्यांवर टाका. पेडल थेट त्यांच्या खाचांत बसतात, पुढे-मागे सरकतातही. आम्हाला ही रचना प्लेटपेक्षा आवडते.

लोड सेलसाठी हे महत्त्वाचे आहे. लोड सेल पाय किती सरकला ते मोजत नाही, किती जोर आला ते मोजते. तुमचे शरीरही तोच जोर लक्षात ठेवते. मध्येच सांगाडा हलला की मेंदूला मिळणारी खूण दर वेळी वेगळी होते आणि ब्रेकिंगमध्ये सातत्य येत नाही.

प्रश्न : ब्रॅकेटऐवजी प्रोफाइलच्या टोकाला आटे पाडून जोडता येईल का?

उत्तर : येईल, आणि दिसते देखणे. ८ मि.मी. खाचेच्या बहुतेक ४० च्या प्रोफाइलमध्ये मधले भोक ६.८ मि.मी.चे असते, एम८ चा टॅप (आटे पाडायचे हत्यार) ड्रिल न करता थेट चालतो. भोक १० मि.मी.चे असेल तर तिथे एम१२ लागतो. कटिंग ऑइल किंवा रॉकेल सढळ हाताने सोडा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, २५ ते ३० मि.मी. खोल. कोरडा टॅप ॲल्युमिनियममध्ये चिकटतो आणि मोडतो. मोडलेला टॅप निघत नाही, टोक कापून टाकावे लागते. टॅप सरळ जातोय का हे दोन्ही बाजूंनी गुण्या लावून पाहा.

गोल डोक्याचा एम८ बोल्ट टोकात अर्धवट बसवायचा, त्याचे डोके समोरच्या प्रोफाइलच्या खाचेत सरकवायचे, आणि त्या प्रोफाइलला आरपार ८ मि.मी.चे भोक पाडून ५ मि.मी.च्या ॲलन कीने आवळायचे. तोटा असा की सांधा त्या भोकाच्या जागी कायमचा ठरतो. त्यामुळे मागच्या तुकड्याला आणि पेडलच्या पुढच्या तुकड्याला हे करा. सीट आणि व्हीलचे तुकडे, जे पुढे-मागे हलवायचे असतात, ते ब्रॅकेटवरच ठेवा. टोक काटकोनात कापलेले नसेल तर आटे पाडण्यात अर्थ नाही. बोल्ट वाकडे टोक ओढून रेललाच तिरपे करतो.

प्रश्न : गाडीची जुनी सीट आहे. पाठ मागे-पुढे होते. ती चालेल का?

उत्तर : ६० किलोपर्यंतच्या ब्रेकला चालेल. ब्रेकवर टाकलेला जोर शेवटी पाठीवर येतो आणि अशा सीटची पाठ बिजागरीवर फिरते, फोमही दबतो. जोरदार ब्रेकला एकसंध फायबरची बकेट सीट, बाजूने बोल्ट लावून, आणि बाजूचे ब्रॅकेट किमान ४ मि.मी. पोलादी. सरकत्या पट्ट्या टाळता आल्या तर टाळा. त्यांच्यात नेहमी थोडा ढिलेपणा असतो.

प्रश्न : शर्यत चालू असताना यूएसबी तुटते, आणि पाय लावलेला नसतानाही ब्रेक दोन-तीन टक्के दाखवतो. केबल बदलून पाहिली.

उत्तर : व्हीलबेसचा कंट्रोलर मोटरची वीज दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्यातून उठणारा विद्युत गोंगाट जवळच्या केबलांत आणि सांगाड्यात शिरतो. लोड सेलचा संकेत मुळात काही मिलिव्होल्टचाच, त्यामुळे तो आधी बिघडतो.

सांगाडा धातूचा असला तरी विजेच्या दृष्टीने तो सुटे सुटे तुकडे असतो, कारण प्रोफाइलवरचा ॲनोडायझिंगचा थर म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि तो वीज वाहू देत नाही. मल्टीमीटर ओहमवर ठेवा, थर खरवडून दोन प्रोफाइलवर टोके लावा आणि जोडणी आहे का पाहा. नसेल तिथे दातेरी वॉशर लावा किंवा बोल्टखालची जागा खरवडून तारेने तुकडे जोडा. मग सांगाड्यापासून एक जाड तार संगणकाच्या कॅबिनेटच्या धातूच्या स्क्रूला न्या. संगणकाचा प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग खरोखर चालू असेल तरच याचा उपयोग. भिंतीच्या सॉकेटमध्ये तार स्वतः खुपसण्याचा उद्योग कोणीही करू नये.

मोटरची पॉवर केबल एका रेलच्या खाचेतून आणि यूएसबी, पेडलच्या केबल दुसऱ्या रेलच्या खाचेतून न्या. एकमेकांना ओलांडायच्याच तर काटकोनात. यूएसबीची केबल ५ मीटरच्या आत, दोन्ही टोकांना फेराइट (गोंगाट अडवणारी कडी). स्वतंत्र वीज घेणारा हब वापरा आणि विंडोजमधले यूएसबीचे सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवण्याची सोय) बंद करा. शेवटी पेडलच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन टक्क्यांचा डेड झोन (सुरुवातीचा दुर्लक्षित भाग) ठेवा, पण तो सगळ्यात शेवटी. गोंगाट झाकायला आधीच डेड झोन वाढवला तर मूळ दोष कधीच सापडणार नाही.

प्रश्न : मॉनिटर रिगवरच बसवावा की वेगळ्या स्टँडवर?

उत्तर : वेगळ्या. रिगवर बसवला की व्हीलचा प्रत्येक झटका चित्रात दिसतो. स्टँडचे पाय रिगच्या बाहेरून येऊ द्या आणि पडदा व्हीलबेसच्या वरून शक्य तितका जवळ आणा. २७ इंची पडद्याची रुंदी साधारण ६० सें.मी. असते. डोळ्यापासून ९० सें.मी.वर तो ३७ अंशांचा दिसतो, ६० सें.मी.वर ५३ अंशांचा. गेममध्ये दृष्टिकोन (फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे दिसणारा कोन) नेमका तेवढाच भरा, म्हणजे वळणाचे अंतर खरे वाटते. तीन पडदे असतील तर बाजूचे दोन्ही तेवढ्याच, म्हणजे ६० सें.मी.वर सुमारे ५३ अंशांनी आत वळवा.

प्रश्न : खालच्या मजल्यावर आवाज जातो. रबराचे पाय लावले आहेत, तरी तक्रार येते.

उत्तर : हवेतून जाणारा आवाज फार नसतो, जातो तो धक्का : पेडल शेवटच्या थांब्यावर आपटणे, शिफ्टर आणि सीटखालचे बेस शेकर (कंप देणारी यंत्रे). शेकर थेट प्रोफाइलवर असतील तर आधी ते सीटच्या तळाला हलवा आणि सीटचे ब्रॅकेट व रिग यांच्यामध्ये रबरी आयसोलेटर घाला. पेडलच्या थांब्यांना रबराची चकती लावा. मग रिगखाली १८ मि.मी.चे प्लायवूड आणि त्याखाली दाट रबरी चटई. इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारे दोन प्लायमध्ये टेनिस बॉल ठेवतात, तेही इथे चालते. मात्र बॉल खाचांत बसवा आणि वजन सारखे विभागा. मऊ पायामुळे ब्रेक दाबताना रिग पुढे घसरेल अशी भीती नको, कारण तो जोर पेडलवरून निघून सांगाड्यातून सीटच्या पाठीवर परत येतो, जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. फक्त चारही पाय पाणसळीने सारखे करून घ्या आणि चटई दबल्यावर, साधारण आठवड्याने, पुन्हा तपासा.